काकडीची आठवी नक्कल

आमच्या शेडच्या भिंतीला सात फळ्या उभ्या आहेत. लाटेवर उभं राहायच्या. बाहेर त्यांना सर्फबोर्ड म्हणतात, आम्ही घरात नुसतं फळी म्हणतो. सातही माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या हातांनी घडवल्या, सातही एकाच जुन्या फळीची नक्कल म्हणून. आणि सातही तिच्या मुलीने थोडे दिवस वापरून परत आणून ठेवल्या. दर वेळी एकच वाक्य, "आई, छान आहे गं. पण ही ती नाही."

ती म्हणजे काकडी. हिरवी, लांबट, मध्ये किंचित फुगीर. भाची एकवीस वर्षांची असताना बहिणीने तिच्यासाठी केली होती. त्याला बारा वर्षं झाली. त्यानंतर भाचीने नोकरी बदलली, घर बदललं, एकदा तर नवरा बदलायच्या बेतात होती, पण काकडी बदलली नाही. पोहण्याच्या तलावावर ती शिकवते, तिथल्याच कपाटामागे काकडी राहायची. आमच्याकडे यायची ती फक्त भाचीच्या तोंडून.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. निवृत्त झाल्यापासून शेडमागच्या खोलीत राहतो, आणि माझं काम म्हणाल तर प्रत्येक फळीचं कार्ड लिहिणं. लांबी, रुंदी, जाडी, नाकाचा बाक, शेपटाचा बाक. काकडीचं कार्डही मीच लिहिलेलं. नोकरीत होतो तेव्हाही सुट्टीच्या दिवशी येऊन लिहायचो. बहीण घडवते, मी टिपतो. रंध्याला हात लावायची माझी हिंमत नाही आणि कोणी लावूही देत नाही.

गेल्या महिन्यात काकडीचं पोट सुटलं. म्हणजे वरचं फायबरचं कवच आतल्या फोमपासून सुटून फुगलं आणि आत पाणी गेलं. भाचीने ती खांद्यावरून आणली आणि शेडमधल्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली.

"संपली," ती म्हणाली.

बहिणीने फुगवट्यावर बोटाने टकटक केलं. "पोपडा आलाय. पाणी किती दिवस जातंय?"

"माहीत नाही."

"माहीत आहे. सांगायचं नाही. पाणकोंबडी कुठली!"

"आई, ऐक. आता एकदाच. आठवी. जमली तर जमली. नाहीतर त्या नव्या कारखान्यात मी हिला स्कॅन करून घेणार. तिथे यंत्र कापतं, केसाचाही फरक नाही."

"घे की करून. यंत्राला म्हणावं, मी नमस्कार सांगितलाय."

भाची हसली, पण गाडीची किल्ली शोधत शोधत लवकर निघाली. ती गेल्यावर बहीण भिंतीला टेकलेल्या सातांसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, यातली पहिली त्यातल्या त्यात बरी होती ना रे?"

"ती तिने दोन महिने वापरली होती."

"दुसरी महिनाभर. मग कमी कमी. सातवी तर तिसऱ्याच दिवशी आणून ठेवली." तिने दोन्ही तळहात वरखाली करून पाहिले. "माप तेच, फोमचा ठोकळा तोच, माणूस तोच. म्हणजे हात बिघडलाय माझा."

दूध संपलंय असं सांगावं तसं तिने हे सांगितलं. 

"आठवी नाही जमली तर रंधा खाली ठेवणार," ती म्हणाली. "पोरीसाठी नाही जमत ते परक्यांसाठी कशाला करत बसायचं? बरं, ते जाऊ दे. काकडी कधी नव्हे ती घरात आहे. उद्या परत माप घे तिचं."

"कार्ड आहे की."

"आहे. तरी घे."

बारा वर्षांत हे कोणाच्या मनात आलं नव्हतं, आणि त्याला कारण मीच. सातही वेळा कोणी म्हणालं, काकडी एकदा आणून बघू या का, की मी कार्ड पुढे करायचो. लिहिलेलं आहे म्हटल्यावर पुन्हा मोजायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापं घेतली. लांबी जुळली. रुंदी तीन ठिकाणी जुळली. मग काकडी पालथी केली. बाक मोजायची आमची रीत सोपी आहे. पालथ्या फळीवर लांब लाकडी पट्टी ठेवायची. फळीचा मध्य सगळ्यात वर असतो, तिथे पट्टी टेकते. नाक आणि शेपूट खाली झुकलेली असतात. पट्टीच्या टोकापासून नाकाच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढा नाकाचा बाक. ही पट्टी बहिणीने काकडीच्याच वेळी केली होती. मध्यावर तांबडी रेघ, कडेला खुणा. काम झालं की भिंतीतल्या दोन खुंट्यांवर आडवी जाते.

कार्डावर नाकाचा बाक एकशे सव्वीस मिलिमीटर होता. मला मिळाला एकशे वीस.

परत मोजलं. एकशे वीस. चष्मा पुसून मोजलं. एकशे वीस. शेपटाला कार्डावर अठ्ठावन्न, माझ्यासमोर पंचावन्न.

फायबरची फळी वाढत नाही की आटत नाही. मग आकडा चुकलाय, आणि आकडा लिहिणारा मी. आयुष्यभर लोकांच्या चुका तांबड्या शाईने दाखवल्या, आणि घरातल्या एका कार्डावर शून्याचा सहा केला. त्या एका आकड्यावरून माझ्या बहिणीने सात फळ्या घडवल्या होत्या, सातही सहा मिलिमीटरने जास्त वाकड्या. तिचा हात बिघडला नव्हता. मी तिला चुकीचं वाचून दाखवत होतो.

जेवताना सांगू म्हटलं, घास तोंडातच फिरत राहिला. बहीण फोमच्या ठोकळ्यांबद्दल बोलत होती, मी मान हलवत होतो. दुपारी भाची फिनची, म्हणजे शेपटाखालच्या पात्यांची, चावी न्यायला आली, तेव्हा दोघी एकत्र सापडल्या. म्हटलं, एकदाच काय ते ऐकून घेऊ. चहाचे कप हातात असतानाच मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

भाचीने कप खाली ठेवला. "म्हणजे मामा, बारा वर्षं..."

"हो."

"सातही फळ्या?"

"हो."

"अरे देवा!" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिचा आवाज खाली आला. "जाऊ दे रे. काय फाशी देणार आहोत का तुला?"

बहीण कार्ड डोळ्यांजवळ धरून बघत होती. "हा सहाच आहे," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय. शून्य हवा होता."

"दादा, तू किराणाच्या यादीत 'साखर' दोनदा आलं तर एक खोडून बाजूला सही करतोस. तू एका कार्डावर दोन आकडे चुकवणार, नाक पण आणि शेपूट पण? आणि दोन्ही वेळा जास्तच लिहिणार?" तिने कार्ड माझ्या हातात परत दिलं. "मला नाही पटत. चल, दाखव कसं मोजलंस."

आम्ही तिघं घोड्यांपाशी गेलो. मी पट्टी ठेवली, तांबडी रेघ मध्यावर आणली, मोजलं. एकशे वीस.

"आता उलटी कर," बहीण म्हणाली.

"काय?"

"पट्टी. खुणांची बाजू खाली."

पट्टी कोणी कधी उलटी ठेवत नाही, खुणा दिसायला नकोत? पण मी उलटी केली आणि नाकापाशी स्टीलची छोटी मोजपट्टी धरली. एकशे बत्तीस.

आधी मला काहीच कळलं नाही. भाचीला कळलं असावं, कारण तिने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. बहिणीने पट्टी उचलली, बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि दाराकडे तोंड करून एक डोळा मिटला.

"धनुष्य झालंय," ती म्हणाली. "बाण तेवढा आणायचा बाकी आहे."

मग ती हसायला लागली. आमची बहीण हसते तेव्हा अंगावरची फोमची भुकटी उडते. ती इतकी हसली की तिला घोड्याला धरावं लागलं. पट्टी बारा वर्षं मध्याजवळच्या दोन खुंट्यांवर पडून होती, आणि दोन्ही टोकं वर्षाला थोडी थोडी खाली येत होती. सुलटी ठेवली की टोकं फळीकडे झुकून अंतर कमी दाखवायची, उलटी ठेवली की तेवढंच जास्त. खरं अंतर दोन्हींच्या मधोमध.

"एकशे सव्वीस," भाची म्हणाली. "मामा, तुझं कार्ड बरोबर आहे."

भाचीने माझ्या डोक्यावर टपली मारली. "शून्याचा सहा म्हणे!"

"मी दर वेळी कार्डावरचे एकशे सव्वीस या वाकड्या पट्टीवर आणत होते," बहीण म्हणाली. "ती कमी दाखवणार, मी अजून वाकवणार. थांबा, थांबा. त्या सगळ्या खाली काढा."

सातही फळ्या एकेक करून घोड्यांवर आल्या. प्रत्येकीवर पट्टी सुलटी, मग उलटी, आणि मी मधला आकडा लिहीत गेलो. पहिली एकशे अठ्ठावीस. दुसरी एकोणतीस. तिसरीही जवळपास तेवढीच. मग तीस, तीस, एकतीस. सातवी एकशे बत्तीस. पट्टी जशी वाकत गेली तशा फळ्या वाकत गेल्या होत्या, आणि भाची त्या जितक्या दिवसांत परत करायची तो हिशोबही त्याच उतरणीचा होता.

"तू तीन दिवसांत आणलीस," बहीण सातवीवर हात ठेवून म्हणाली. "सहा मिलिमीटर तुला पायाला कळले?"

"मला एवढंच कळायचं की नाक पुढे जायला कुरकुर करतंय."

"मग तसं सांगायचं की! 'ही ती नाही' म्हणे. ही ती नाही यावरून माणसाने काय घडवायचं?" पण चेहरा असा उजळला होता की ओरडण्यात काही दम नव्हता. तिने पुन्हा तळहात पाहिले, या वेळी फक्त भुकटी झटकायला. "हात ठणठणीत आहे माझा. पट्टी म्हातारी झाली."

खिडक्यांच्या चौकटी करणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमची पट्टी आणली. दुकानातच बहिणीने ती सुलटी-उलटी करून तपासली. दुकानदार म्हणाला, "बाई, पट्टी आहे ती, पोळी नाही." ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा माझा विश्वास पोळीवर जास्त आहे."

इथे सगळं सरळ व्हायला हवं होतं. खरं कार्ड, खरी पट्टी, काकडी समोर. जशीच्या तशी उतरवायची. मी तसं म्हणालोही. पण आखणी करायच्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तर बहीण काकडीच्या वरच्या बाजूवर ओणवी होऊन बोटं फिरवत होती. कपाळाला आठ्या.

"पाणकोंबडीला बोलाव," ती म्हणाली. "तलावावर जायच्या आधी."

भाची आली ती ओल्या केसांनी, खांद्याला बॅग अडकवून. "आता काय वाकलं?"

"इकडे बघ. हे काय?"

वापरून वापरून फळीवर पावलांचे खळगे पडतात. काकडीवर पुढच्या पावलाचा एक खळगा होता, चांगला खोल. मागच्या पावलाचे मात्र दोन होते. एक शेपटाजवळ, खोल, कडा गुळगुळीत झालेला. दुसरा त्याच्या चार बोटं पुढे, उथळ.

"पाऊल आहे माझं," भाची म्हणाली.

"दोन आहेत. मागचा जुना. पुढचा हल्लीचा. तू पुढे सरकली आहेस."

"मी कुठेही सरकलेली नाही. मी तिथेच उभी राहते."

"बरं. आठवी मी काकडीसारखीच करणार, पण सगळ्यात रुंद जागा तीन सेंटिमीटर पुढे नेणार. फिनही तेवढेच पुढे."

भाचीने बॅग खाली ठेवली. "आई, मी जशीच्या तशी मागितली होती."

"जशीच्या तशी म्हणजे कुठली? एकवीस वर्षांच्या पोरीची, का तुझी?"

"काकडीसारखी! इतकं सोपं आहे. बारा वर्षांनी पहिल्यांदा सगळी मापं बरोबर आहेत, आणि तू आता बदलायला निघालीस? यंत्र असलं काही करत नाही. घालू तसं काढतं."

"काढेल ना. पाण्याच्या फुगवट्यासकट काढेल. दोन दोन खळगे पण पाडून देईल."

"मामा, सांग ना हिला!"

मी सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, आधी जशीच्या तशी कर, ती जमली की मग हवा तो बदल नवव्या फळीत कर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हे मला शहाणपणाचं वाटत होतं, आणि खरं म्हणजे मला भीती वाटत होती. सात फळ्यांचा दोष पट्टीवर गेला होता. आठवी बिघडली तर तो परत तिच्या हातावर येणार, आणि मग ती रंधा ठेवणार. ती बोलते तसं करते.

"दादा, तू एवढा घाबरतोस, मग तुझी कार्डं बरोबर कशी येतात?"

"घाबरतो म्हणूनच येतात."

"तर मग तू घाबर. मी घडवते." ती भाचीकडे वळली. "चपला काढ."

जमिनीवर फोमच्या दोन जाड तुकड्यांवर काकडी ठेवली. बहिणीने भाचीला तिच्यावर पालथं झोपायला लावलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "मी 'हं' म्हटलं की उठायचं. लाटेवर उठतेस तशी. विचार करायचा नाही."

"इथे, शेडमध्ये? कोणी बघितलं तर म्हणतील—"

"हं!"

भाची एका झटक्यात उभी राहिली. मागचं पाऊल पुढच्या, उथळ खळग्यात पडलं होतं. बरोबर मधोमध.

"परत."

दुसऱ्या वेळीही तिथेच. तिसऱ्या वेळी भाचीने मुद्दाम शेपटाकडे पाय टाकला आणि तिचा तोल गेला. मी धरलं नसतं तर रेझिनच्या डब्यांवर बसली असती.

ती फळीवर उभी राहून खाली आपल्या पावलाकडे बघत राहिली. "हे कधी झालं?"

"कंबर भरली, गुडघे जरा कमी वाकायला लागले. चार वर्षं झाली असतील. तू बरीच पुढे सरकलीस. काकडी बिचारी सांभाळून घेत होती."

"मग ती मला आवडायची ती..."

"ती चांगलीच होती. मी केली होती ना!"

भाची खाली उतरली आणि चपला शोधायला लागली. एक घातली. "किती सरकवणार म्हणालीस?"

"तीन सेंटिमीटर."

"दोन."

"ही काय भाजी आहे? तीन."

"आणि नाही जमली तर?"

"तर मी चुकले. पट्टी नाही, मामा नाही. मी. तेव्हा जा यंत्राकडे, मी स्वतः सोडायला येते."

भाचीने दुसरी चप्पल घातली. "हिरवी नको करूस मग," ती म्हणाली. "हिरवी एकच."

पुढचे तीन दिवस मी शेडच्या दाराशी स्टुलावर बसून होतो. बोलायचं नाही आणि शिंकायचं नाही, एवढ्या अटीवर. बहिणीने ठोकळ्यावर आकार आखला आणि करवतीने कापला. मग रंधा सुरू झाला. नाकापासून शेपटापर्यंत एका दमात जायचं, वळायचं, परत यायचं. तिच्या चालीत गेल्या काही वर्षांत एक अडखळ आली होती. दर खेपेला थांबून हात फिरवून बघायची, पुन्हा बघायची. मला ते वयामुळे वाटायचं. या वेळी ती थांबत नव्हती. मधेच फक्त म्हणायची, "नाक?" मी पट्टी ठेवायचो, सुलटी आणि उलटी, आणि आकडा सांगायचो. "एकशे एकतीस." "अजून आहे." "एकशे अठ्ठावीस." "बास, आता घासायची जाळी." एकशे सव्वीस आला तेव्हा तिने वर बघितलंही नाही, कडा गोल करायला घेतल्या होत्या. मग वर फायबरचं कापड, ते चिकटवायला रेझिन, वाळवण, घासणं. आठवड्याने फळी पांढरी स्वच्छ होऊन बाहेर आली.

मला तिच्यात आणि काकडीत फरक दिसत नव्हता, आणि तीन सेंटिमीटरचं भय काही जात नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. लाटा कमरेएवढ्या, नीटनेटक्या. भाचीने फळी काखेत घेतली, आमच्याकडे न बघता पाण्यात शिरली. बहीण वाळूत पाय पसरून बसली. मी उभाच होतो.

"बस रे. तू उभा राहून लाट मोठी होणार आहे का?"

पहिली लाट भाचीने उशिरा धरली, उठली आणि लगेच पडली. मी बहिणीकडे पाहिलं. ती नखातलं रेझिन काढत होती. दुसऱ्या लाटेवर भाची उभी राहिली, थोडं गेली, लाट विरली. तिसरी चांगली होती. ती उठली, फळी सरळ पुढे निघाली, मग वळली आणि लाटेच्या अंगाने किनाऱ्याशी समांतर बरीच लांब गेली.

बहीण उठली आणि मागची वाळू झटकली.

"कुठे निघालीस?"

"शेडमध्ये. कामं पडलीत. त्या सर्फिंगच्या शाळेवाल्यांच्या दोन फळ्या कापायच्या आहेत."

"अगं, तिला विचार तरी!"

"काय विचारू? त्या सातांवर ती उठली की मागचा पाय चाचपत राहायची, अंधारात चप्पल शोधावी तशी. आज पाय पडला तो पडला." ती चार पावलं गेली आणि वळली. "तिला म्हणावं, जेवायला ये. आणि फळी उन्हात टाकू नको."

ती गेली. मी मात्र तिथेच वाळूत बसलो, लाटा मोजत. मला असल्या गोष्टी बघून कळत नाहीत, कोणी सांगावं लागतं. तासाभराने भाची पाण्यातून बाहेर आली, केसांतून पाणी गळतंय, ओठ खारटलेले. तिने आजूबाजूला पाहिलं.

"आई कुठेय?"

"गेली. कामं आहेत म्हणाली."

"काही न विचारता?"

"तिसऱ्या लाटेलाच उठून निघाली."

"तिसऱ्या?" भाचीने फळी वाळूवर टेकवली आणि रस्त्याकडे बघितलं. मग खो खो हसत सुटली, थेट आईसारखी. "मला तर पाचव्या लाटेला कळलं."

तिने माझ्या चष्म्यावर उडालेलं पाणी अंगठ्याने पुसलं, ते अजूनच पसरलं. मग तिने फळी पुन्हा काखेत घेतली आणि जेवायला उशीर होईल असं आईला सांग म्हणत पाण्याकडे पळाली.